नोटेला इस्त्री

चांगली वस्तू आहे तशी राहू देणं ही एक विद्या आहे, आणि ती मला येत नाही. चालू घड्याळ मी नुसतं पुसायला म्हणून उघडतो, न गळणारा नळ उगाच जरा आवळून बघतो, मुरत घातलेलं लोणचं ‘खालीवर करायला नको का?’ म्हणत ओल्या डावाने ढवळतो. आणि त्या घड्याळाचं, त्या नळाचं आणि त्या लोणच्याचं पुढे काय झालं, हा विषय आमच्याकडे पाहुण्यांसमोर काढत नाहीत. अशा माणसाच्या हातात सासऱ्यांनी ऐंशी वर्षं कोणी न हाताळलेली एक नोट ठेवली. मोठ्या विश्वासाने ठेवली. सासरे भाबडे आहेत.

नोट दोन रुपयांची. वर सहावा जॉर्ज आणि खाली सही सी. डी. देशमुखांची. जमवणाऱ्यांच्या दुनियेत ही काही दुर्मिळातली दुर्मिळ वस्तू नव्हे, पण आमचे सासरे रोह्याकडचे, देशमुखांचं घराणंही रोह्याचं, त्यामुळे त्या घरात ही सही देवाच्या तसबिरीच्या रांगेत बसते. देशमुख १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले, मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, आयसीएस झाले, ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, ‘मेघदूता’चं मराठी केलं, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा नेहरूंच्या हातात ठेवला, हे सगळं मी लग्न झाल्यापासून दर दिवाळीला ऐकत आलोय. राजीनाम्यापाशी सासऱ्यांचा गळा दाटतो. मग दुसरा चहा येतो.

तर सासऱ्यांचे वडील कोर्टात कारकून. पगारात ही कोरी नोट आली, सही बघितली, ‘आपल्या रोह्याचा माणूस!’ म्हणाले आणि ती ज्ञानेश्वरीत ठेवून दिली. नंतर ते अध्याय कोणी वाचले नसावेत, कारण नोट करकरीत राहिली. मधोमध एक हलकी घडी, डाव्या अंगाला टाचणीची दोन भोकं, त्यांच्याभोवती गंजाची पुसट पिवळी कड, आणि कोपऱ्यात आजेसासऱ्यांनी पेन्सिलीने केलेला दुधाचा हिशोब. एवढंच. ऐंशी वर्षांत एका नोटेचं एवढंच नुकसान झालं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, राष्ट्रीयीकृत बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना नोट दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. नुसती नजरेने पाहिली, आणि म्हणाले, “हात लावू नकोस. कुणाला विकूही नकोस. ग्रेडिंग करून घे.” मग त्यांनी समजावून सांगितलं, की हल्ली प्रदर्शनात गेलं की प्रत्येक दुकानदार आपल्या नोटेला ‘यूएनसी’ म्हणतो, म्हणजे वापरात न आलेली, कोरी, आणि गिऱ्हाईक त्याच नोटेला ‘फार तर व्हीएफ’ म्हणतं, म्हणजे बरी, पण फिरून आलेली, या भांडणात दोघांपैकी कुणाचाही नसलेला तिसरा माणूस हवा म्हणून अमेरिकेत कंपन्या आहेत. त्या नोट खरी की खोटी ते बघतात, १ ते ७० मध्ये तिला अंक देतात आणि पारदर्शक पाकिटात कायमची बंद करून परत पाठवतात.

कायमची बंद! आमच्या हिने हे ऐकलं आणि म्हणाली, “आजच पाठवा.” तिला नोटेची नव्हे, माझी काळजी होती.

पण मी अभ्यास न करता काही करत नाही. वस्तू बिघडवायची ती अभ्यास करूनच, हा माझा बाणा आहे. जुनी डायरी काढली, पट्टीने रकाने आखले, वर ‘कंपनी’, ‘स्थापना’, ‘स्वभाव’ असे मथळे दिले. (‘स्वभाव’ म्हणजे अंक देताना हात सैल की आखडता. हा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला.)

पहिली कंपनी पेपर मनी गॅरंटी, बोलण्यात पीएमजी. २००५ सालची, फ्लोरिडातल्या सारासोटाची, आणि नाण्यांचं ग्रेडिंग करणाऱ्या एनजीसीची धाकटी बहीण. इथवर ठीक. दुसऱ्या कंपनीपाशी मात्र डायरीचं पान फाटलं. पीसीजीएस ही १९८६ पासूनची नाण्यांची नावाजलेली कंपनी. तिनेही २००५ मध्येच नोटांसाठी पीसीजीएस करन्सी काढली. २००९ मध्ये तो धंदा वेगळ्या मंडळींकडे गेला, पण नाव परवान्यावर तेच राहिलं. २०१९ मध्ये परवाना संपला, तेव्हा ती मंडळी लेगसी करन्सी ग्रेडिंग म्हणून वेगळी झाली आणि मूळ घराने पुन्हा नवी चूल मांडून तिला पीसीजीएस बँकनोट म्हटलं. म्हणजे आज बाजारात पीसीजीएस लिहिलेलं जुनं पाकीट एकाचं आणि नवं पाकीट दुसऱ्याचं. पुण्यात भाऊ वेगळे झाले की दोन्ही मिठाईवाले ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी लावतात, तोच प्रकार. मी ही वंशावळ हिला समजावून सांगत होतो. ती मध्येच उठून कुकर बंद करायला गेली आणि परत आलीच नाही.

हे सगळं सोडून मी सत्तर अंकांच्या मागे लागलो. सत्तरच का? शंभर का नाही? तर ही मोजपट्टी विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. अगदी झिजलेल्या नाण्याला १, आणि जे त्याच्या सत्तरपट भावाने जाईल अशा अव्वल नाण्याला ७०. पुढे भावांचं गणित कोलमडलं, पण पट्टी राहिली, आणि नाण्यांवरून ती नोटांवर आली. हे शेल्डन मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या देहाचे गोल, पीळदार आणि सडपातळ असे तीन प्रकार पाडून त्यावरून स्वभाव सांगण्यासाठी ते आधी गाजलेले. (मी कुठल्या प्रकारात बसतो हे मी हिला विचारलं. तिने पोळी वाढणं थांबवलं. उत्तर कळलं.) पण मला त्यांच्याबद्दल खरी आपुलकी वाटली ती पुढची हकिगत वाचून. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी त्यांनी आपले डावे सेंट ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. म्हणजे या शास्त्राच्या मूळपुरुषालाही वस्तू आहे तिथे, आहे तशी ठेवता येत नव्हती. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आता नोटेची परीक्षा कशी होते ते ऐका, कारण माझा घात इथेच झाला. नोटेवर घडी नसली तर ती साठाच्या वर. कडा चारी बाजूंनी सारख्या, छपाई मधोमध, कोपरे टोकदार असले की पासष्ट, सहासष्ट असं वर चढत जातं. सत्तर म्हणजे पाचपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखालीही हाताळल्याची खूण न सापडलेली नोट. पण चित्रावरून जाणारी एकच घडी असली, तरी अठ्ठावन्नच्या वर जाता येत नाही; घड्या वाढल्या की पंचेचाळीस, चाळीस, पस्तीस; आणि मळून, मऊ पडून आलेली नोट वीस-पंचविसात.

माझ्या नोटेला घडी होती. एकच. मधोमध. ती नसती तर आम्ही साठात होतो!

ज्या घरात रोज सकाळी दोन शर्टांवरच्या घड्या मोडल्या जातात, त्या घरात एका घडीपायी दोन-चार अंक हातचे जाऊ द्यायचे? ही दुपारी हळदीकुंकवाला गेली होती. मी इस्त्री काढली. अविचाराने नव्हे, फार विचाराने. बटण ‘सुती’वर की ‘रेशमी’वर यावरच बराच वेळ घालवला, आणि नोट कापसाच्या लगद्याची असते असं कुठेतरी वाचलेलं आठवून ‘सुती’वर ठेवलं. आधी खोडरबराने दुधाचा हिशोब पुसला. हिशोब गेला, त्याच्याबरोबर कागदाची वरची साय गेली, हे उजेडात धरल्यावर दिसलं. मग नोट जराशी ओलसर केली, खाली एक हातरुमाल, वर एक हातरुमाल, आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. खालचा रुमाल नवा होता. निळा होता. पहिल्या धुण्याला रंग जातो, असं दुकानदार म्हणाला होता, आणि अजून पहिलं धुणं व्हायचं होतं.

घडी मात्र गेली. अगदी सपाट. सहाव्या जॉर्जच्या गालावर पुसटशी आकाशी छटा आली होती, पण मी मनाला समजावलं, की लांबून कळत नाही. समाधानाने चहा टाकला आणि डायरी पुढे ओढून ‘स्वभाव’ रकान्याचा अभ्यास परत सुरू केला. तेव्हा पहिल्यांदा मी अंकाशेजारच्या तीन अक्षरांपाशी पोचलो. पीएमजीच्या पाकिटावर अंकापुढे ईपीक्यू असतं, पीसीजीएसकडे पीपीक्यू. दोन्हींचा मतलब एकच: या नोटेचा कागद जन्मला तसा आहे, तो धुतलेला नाही, दाबलेला नाही, खोडलेला नाही, सपाट केलेला नाही, आणि ती आहे त्याहून बरी दिसावी म्हणून तिच्यावर कुणी कसलाही उपचार केलेला नाही. पीएमजीकडे तर पासष्ट आणि त्यावरचे अंक ही अक्षरं असल्याशिवाय मिळतच नाहीत. छापताना शाई कागदावर दाबली जाते, त्याचा उंचसखलपणा बोटाला लागतो. इस्त्री तो मारते, आणि हे बघायला त्या लोकांना भिंगही लागत नाही.

त्या ओळीपर्यंत मी पोचलो तेव्हा इस्त्री अजून गरम होती.

इथून पुढे माझ्या तुलनात्मक अभ्यासाचा हेतूच बदलला. आतापर्यंत मी सगळ्यात काटेकोर कंपनी शोधत होतो, आता सगळ्यात दयाळू शोधू लागलो. पण छे. एकेका नोटेवर एकाहून जास्त जण नजर टाकतात, नोट कुणाची आहे ते त्यांना ठाऊक नसतं, आणि पीएमजीच्या घराण्यात तर परीक्षकांना नोटानाण्यांची खरेदी-विक्री करायलाच बंदी. म्हणजे ओळखही लावता येत नाही. बिघडवलेल्या नोटेची बदनामी करायच्या मात्र प्रत्येक घरच्या रीती वेगळ्या: पीएमजी अंकापुढे ‘नेट’ लिहिते, जुनी पीसीजीएस करन्सी ‘अपॅरंट’ लिहायची, नवी पीसीजीएस ‘डिटेल्स’ लिहिते, आणि मग बारीक अक्षरात गुन्ह्याचं वर्णन. दुरुस्ती. खाडाखोड. डाग. मी तिन्ही शब्द डायरीत एकाखाली एक लिहिले आणि त्यातला आपल्याला कुठला बरा दिसेल याचा विचार करत बसलो. ‘अपॅरंट’ मला जरा भारदस्त वाटला. पण ती पाकिटं आता कुणी बनवत नाही.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण मी ती टाचणीची दोन भोकं विसरलो नव्हतो.

भोकांबद्दल मी खालच्या काकांना विचारलं, फक्त भोकांबद्दल. इस्त्रीचा विषय मी काढला नाही. काकांचा चेहरा पडला. म्हणाले, “अरे, आयुष्यभर मी तेच तर केलं!” नाशिकरोडच्या छापखान्यातून आलेली कोरी करकरीत नोटांची पाकिटं आपल्याकडे टाचलेलीच असायची, मोजून झाली की बँका पुन्हा टाचायच्या, वर जलचिन्हाच्या मोकळ्या जागेत कॅशियर पेनने आकडा टाकायचे, असा देशभरचा रिवाज. शेवटी नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टाचण्या बंद करून कागदी पट्टी लावायचा आदेश दिला. काका म्हणाले, त्या आदेशानंतर पहिल्या दिवशी हात आपोआप स्टेपलरकडे जायचा. मग बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी आपल्या हाताने भोकं पाडलेल्या नोटांमधल्या किती आज कुणाच्या संग्रहात असतील, याचा हिशोब बहुधा मनात चालला असावा. मी त्यांना एवढंच विचारायला आलो होतो की भोकांना काही उपाय आहे का. ते काही बोलले नाहीत, तेव्हा त्यांचं मौन मी ‘तू बघ काय जमतं ते’ असं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची पेज घट्ट आटवली, टिश्यू पेपरचे कण तिच्यात कालवले, आणि काडीने दोन्ही भोकं बुजवली. सांगायला संकोच वाटतो, पण काम सुबक झालं होतं. वाळल्यावर बोट फिरवलं तर कळत नव्हतं. लहानपणी पतंगाला पेजेने ठिगळं लावली होती, ती विद्या पन्नाशीनंतर अशी कामी आली. मग ही सगळी कलाकुसर जपायला हवी म्हणून मी नोट घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने लॅमिनेशनचं प्लास्टिक उघडलं होतं, यंत्रावरचा लाल दिवा हिरवा होत आला होता, एवढ्यात भाजी घेऊन परत येणाऱ्या हिने मला पाहिलं. तिने काय घडतंय ते न विचारताच पिशवी खाली ठेवली आणि माझ्या हातातून नोट काढून घेतली.

“अहो, रेशनकार्ड आहे का ते?”

ती नोट मग हिच्या ताब्यात गेली, ती थेट मुंबईच्या एजंटाकडे निघेपर्यंत. आपल्याकडून नोटा पाठवायच्या तर सोयीची वाट अशाच कुणातरी व्यापाऱ्यामार्फत जाते, जो बऱ्याच जणांच्या नोटा एकत्र करून फॉर्म भरतो, विमा उतरवतो आणि पार्सल रवाना करतो. निघताना हिने आपल्या कपाटातून शाळेतलं जुनं नकाशांचं पुस्तक काढलं. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्या मध्ये एक रुपयाची नोट होती. चौथीत स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसली म्हणून (बसली म्हणून; पुढचं विचारू नका) सासऱ्यांनी बँकेतल्या कोऱ्या पाकिटातून काढून तिला दिलेली. तिने ती पुस्तकात ठेवली, पुस्तक दप्तरात, दप्तर माळ्यावर, आणि माळा लग्नानंतर आमच्याकडे आला. “एवीतेवी जातच आहात तर हीपण द्या,” म्हणाली. मी हसलो. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, ती भारत सरकारची. तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवाची सही असते, हे मी तिला समजावलं. तिने नोट उलटी करून सही वाचली. “मनमोहन सिंग,” म्हणाली. ते १९७६ ते १९८० वित्त सचिव होते, आणि पुढे गव्हर्नर झाल्यावर मोठ्या नोटांवरही सही करते झाले. मी विषय बदलला.

एजंटाच्या टेबलावर फॉर्म भरताना माझा अहंकार आडवा आला. त्यात ‘घोषित किंमत’ असा रकाना असतो, आणि फी त्या किमतीच्या पायरीनुसार ठरते. नोट जितकी मौल्यवान लिहाल तितकी वरची पायरी, तितकी जास्त फी, वर विमा, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण मुलगा बसला होता, त्याच्या पुढ्यात नोटांची चळत, आणि तो प्रत्येकीपुढे किरकोळ आकडे टाकत होता. त्याच्यासमोर आजेसासऱ्यांच्या ज्ञानेश्वरीतल्या नोटेची किंमत कमी लिहायची? मी असा आकडा लिहिला की एजंटाने चष्मा काढून आधी नोटेकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. “साहेब, ही मिळाली कुठे?” मी म्हणालो, “घराण्यातली आहे.” त्याने नोट उजेडात धरली, वाकडी केली, नाकाजवळ नेली. “घराण्यात लाँड्री होती का?”

फी भरली. ती किती, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही, आणि हा लेख ती वाचणार असल्याने इथेही सांगत नाही.

मग थांबणं. थांबण्याच्या काळात मी दोन्ही कंपन्यांच्या नोंदी बघायला शिकलो. त्यांनी कुठल्या जातीच्या किती नोटांना कुठला अंक दिला याची यादी फुकट बघायला मिळते, आणि पाकिटावरचा क्रमांक टाकून ते पाकीट खरंच त्यांचंच आहे का तेही पडताळता येतं; कारण आता नोटेची नक्कल करण्यापेक्षा पाकिटाची नक्कल करणारे निघालेत. हे काम मी एवढ्या भक्तीने करू लागलो, की देशमुखांच्या सहीच्या नोटांचे कुठल्या अंकाला किती नग आहेत ते मला झोपेत सांगता आलं असतं. हिच्या म्हणण्याप्रमाणे सांगितलंही.

पाकिटं आली. दोन्ही नोटा एकाच कंपनीकडे गेल्या होत्या. कुठल्या ते सांगत नाही, बदनामी झाली ती माझी, त्यांची कशाला? देशमुखांच्या नोटेला पंचवीस. पंचविसापुढे मघाच्या तीन शब्दांपैकी एक, आणि खाली बारीक अक्षरात माझं चरित्र: खाडाखोड, रंगाचा डाग, आणि टाचणीची भोकं बुजवलेली. इस्त्रीचा उल्लेख नव्हता. अक्षरं नसली की तो आलाच. पण खरा घाव पुढे होता. एजंटाने दुसरं पाकीट माझ्यासमोर सरकवलं. हिची एक रुपयाची नोट. सहासष्ट. शेजारी ती तीन अक्षरं, ऐटीत. आणि खाली एक ओळ, की टाचणीची भोकं नोट चलनात आली तेव्हापासूनची आहेत. दोष म्हणून नव्हे, नोंद म्हणून. भारतीय नोटा तेव्हा टाचलेल्याच यायच्या हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे आणि ते त्याबद्दल कुणाला बोल लावत नाहीत. म्हणजे माझ्या नोटेत ज्या एका उणिवेला साऱ्या जगाची माफी होती, तेवढीच मी पेज लावून बुजवली होती.

घरी येऊन मी हिला विचारलं, “तू एवढी वर्षं त्या नोटेचं नेमकं काय केलंस?”

“काहीच नाही,” ती म्हणाली, “मला आठवणही नव्हती.”

सासऱ्यांना सांगायचं धाडस होत नव्हतं, पण दिवाळीला पाकीट त्यांच्या हातात द्यावंच लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं. देशमुखांची सही बघितली, जॉर्जचा निळसर गाल बघितला, नखाने प्लास्टिकवर टकटक केली आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे वा! आमच्याकडे असताना ही एवढी सपाट नव्हती!” मग १८९६ पासून सुरुवात झाली. राजीनाम्यापर्यंत मी मान खाली घालून ऐकत होतो. त्यांना वाटलं, मी गहिवरलोय.

आता तुम्ही विचाराल, यातली कुठली कंपनी चांगली? आपल्याकडच्या लिलावांत पीएमजीची पाकिटं जास्त दिसतात, त्यामुळे पुढे विकायची असेल तर गिऱ्हाईक शोधणं सोपं जातं. नवी पीसीजीएसही उत्तम. जुन्या पीसीजीएस करन्सीचं पाकीट समोर आलं तर ते कुणाचं आहे ते समजून मग घ्या. आणि तुमची नोट शे-दोनशे रुपयांची असेल तर कुठेच पाठवू नका, फी नोटेहून जास्त होते. हिच्या रुपयाचं तेच झालं, पण ते सहासष्ट आता दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ठेवलंय, त्यामुळे खर्च वसूल झाला असं तिचं म्हणणं आहे. तर तुमच्याकडे आजोबांच्या पोथीत अशी एखादी नोट निघाली, की आधी पोथी मिटा. घडी असेल तर असू द्या, गंज असेल तर असू द्या, भोकांना तर मुळीच हात लावू नका. शाळेतल्या मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कोंबू नका, नोटांसाठीची वेगळी पाकिटं मिळतात, ती आणा. आणि मला कळवू नका. मी लगेच येतो.